वापरात आहे का?

आमच्या घरी कोणी आलं की आमचे हे पाहुण्याला आधी पाणी विचारत नाहीत, कपाट दाखवतात. आतल्या खोलीत भिंतीतच बांधलेलं, वरपासून खालपर्यंत कप्पे, आणि त्यात काही म्हणजे काही नाही. दार उघडायचं, एक पाऊल मागे सरायचं आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचं. पाहुणा बिचारा काय बोलणार? "वा, छान मोकळं आहे," म्हणतो आणि चहाची वाट बघत बसतो. तोही लवकर मिळत नाही. घरात कप दोनच, ते आम्हा दोघांचे. आधी पाहुण्याने प्यायचं, मग कप विसळून आम्ही.

हे जन्मभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे नियम असा की जो माल तीन महिने जागचा हलला नाही, तो काढून टाकायचा. निवृत्त झाल्यावर ह्यांना काढायला माल उरला नाही. घरात होते मी आणि माझी भांडीकुंडी. त्यात कुठेतरी वाचलं की कमी वस्तूंत राहणारी माणसं सुखी असतात. झालं! आधीच हौस, त्यात कोणीतरी शहाण्याने लिहून ठेवलेलं.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एका रविवारी आमच्याकडे फेरी असते. पद्धत सांगते. फेरीच्या दिवशी घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिवळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लागतो. झारा, उशी, छत्री, कात्री, कशालाही सूट नाही. वस्तू वापरली की वापरणाऱ्याने तुकडा काढायचा. पुढच्या फेरीला ज्या वस्तूवर तुकडा तसाच असेल ती हे हातात घेतात, वर धरतात आणि एकदाच विचारतात, "वापरात आहे का?" लगेच 'हो' आलं तर ठीक. नाही तर दाराआड. मुख्य दार सताड उघडलं की त्याच्यामागे जो कोपरा होतो, तो जाणाऱ्या वस्तूंचा. दाराआड गेलेलं परत आत येत नाही. दुपारी एका संस्थेची गाडी येते आणि त्या कोपऱ्यात असेल ते घेऊन जाते.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही बरं वाटलं. माळ्यावरचं भंगार गेलं, पलंगाखालचे खोके गेले, झाडू सरळ फिरायला लागला. पण माझ्या किसणीची वेळ आली तेव्हा मात्र मी सकाळी उठून सगळ्या वस्तूंचे तुकडे गुपचूप काढून टाकले.

हे किसणी हातात घेऊन उभे. "किसणी वापरलीस? कधी?"

"स्वप्नात," मी म्हटलं.

हसले नाहीत. किसणी गेली. तिच्यामागून मोठं पातेलं गेलं, मग पाहुण्यांची ताटं, मग पाहुणेच यायचे कमी झाले. मी भांडायची, मग कमी भांडायला लागले, मग नुसती "न्या" म्हणायला लागले. माणूस दमतो हो. मी एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून कपड्यांची दुरुस्ती करते. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि संध्याकाळी येऊन घर आखूड होताना बघायचं. कंबर धरलेली असते, डोळे चुरचुरत असतात, त्या वेळी चाळणीसाठी वाद घालायची ताकद कुणाच्या बापात असते?

आणि कमी सामान म्हणजे कमी काम असं ज्याला वाटतं, त्याने चार दिवस आमच्याकडे येऊन राहावं. दोनच ताटं असली की जेवून हात धुवायच्या आधी ताटं घासावी लागतात. माणशी एकच टॉवेल असला की तो वाळेपर्यंत ओल्या अंगाने वाट बघावी लागते. एक भांडं रिकामं केल्याशिवाय दुसरा पदार्थ शिजत नाही. घर लख्ख दिसतं, आणि ते तसं दिसावं म्हणून दुकानाच्या आधी आणि नंतर मी उभीच असते. ह्यांना वाटतं ते आपोआप होतं.

तर अशा आमच्या घरी एका संध्याकाळी आमची लेक आली. तिला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी तिचे खिसे कायम भरलेले असायचे. तुटकी बटणं, बाटल्यांची झाकणं, पेन्सिलीची टोकं, एकदा तर मेलेला भुंगा. ह्यांनीच खारूताई नाव ठेवलं, आणि हेच तेव्हा तिच्या झाकणांसाठी कारखान्यातून छोटे डबे आणायचे. आतली खोली तिची. लग्न होऊन गेली त्यानंतरच्या फेरीला ती सहज म्हणून भेटायला आली होती. ह्यांनी तिचा पलंग, तिचं टेबल, तिचं पांघरूण, सगळ्याला हात लावून तिलाच विचारलं, "वापरात आहे का?" ती हसत होती. म्हणाली, "न्या बाबा, मला तिकडे सगळं आहे." तेव्हापासून ती खोली रिकामी. सकाळी हे तिथे जमिनीवर बसून श्वासाचे व्यायाम करतात. कपाट तिथलंच.

तर ती आली. खांद्यावर निळी प्रवासी बॅग. आमचीच जुनी, लग्नात तिला दिलेली. "चार दिवस राहते गं," म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बॅगेकडे पाहिलं. चार दिवसांची बॅग अशी फुगत नाही. पण तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल म्हटलं.

ते चार दिवस काही संपेनात. चष्म्याच्या दुकानात तिची नोकरी, ती इथूनच जायला यायला लागली. जावयाचा फोन नाही. एका संध्याकाळी मी खिडकीशी बसून एक बाही उसवत होते, ती शेजारी धागे वेचत होती, तेव्हा धाग्यांकडे बघतच बोलली.

"आई, तो मारत नाही. ओरडत नाही. बोलतच नाही. मीठ हवं असलं तरी मागत नाही, उठून घेतो. महिना महिना. मी काय केलं विचारलं तर म्हणतो, काही नाही. मी घरात आहे का नाही हेच मला कळेनासं झालं होतं."

मी सुई खोचून ठेवली. "मग कशाला जातेस तिथे? राहा की इथे."

"कुठे?" ती म्हणाली.

रागाने नाही, लाडाने नाही, खरंच विचारल्यासारखं. मी घरभर नजर फिरवली. दोन खुर्च्या, दोन ताटं, एक पलंग. स्वतःच्या पोटच्या पोरीला घरात बस म्हणायला मला जागा दाखवता येईना. मी परत बाही उसवायला घेतली.

नंतर ह्यांना गाठलं. "अहो, पोरगी राहील असं काहीतरी करा. ती तिकडे परत गेली तर झुरून मरेल."

"राहू दे की. मी कुठे नको म्हणतोय?"

"नको म्हणत नाही हो, पण ये म्हणायलाही घरात जागा लागते."

"जागाच तर आहे!" हे खरंच चकित झाले. "अख्खी खोली मोकळी आहे."

कपाळावर हात मारून घेतला मी. ह्या माणसाशी बोलायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. आणि भिंतीवर तरी काय, खिळासुद्धा ठेवलेला नाही.

खारू मात्र ह्या घराचे नियम अंगात मुरवून आलेली. रात्री शेजारच्या नर्सबाईंकडून गादी आणायची आणि सकाळी गुंडाळून त्यांच्याकडे परत. का, तर बाबांच्या व्यायामाला जमीन मोकळी हवी. कपाटात तिने एक रुमालसुद्धा ठेवला नाही. आंघोळीला जाताना बॅग घेऊन जायची आणि घेऊन यायची, माझ्यासमोर तिची चेन कधी उघडलेली मी पाहिली नाही. आणि दिवसा ती बॅग ठेवायची दाराआड. मी एकदा म्हटलं, "अगं तिथे काय ठेवतेस, आत ठेव की." तर म्हणाली, "असू दे. जाणाऱ्या वस्तूंची जागा आहे ना ती? मग बरोबर आहे." गमतीने म्हणाली. मला हसू आलं नाही.

जेवायचीही तऱ्हा तशीच. आम्ही जेवून उठलो की ती माझं ताट घासायची आणि त्यातच वाढून घ्यायची. ओट्याशी उभी राहून. मी एकदा म्हटलं, येताना एक ताट घेऊन येते. हे म्हणाले, "चार दिवसांसाठी? नर्सबाईंकडून आण की." खारूने ऐकलं. "नको गं आई, मला तशीही उशिराच भूक लागते," म्हणाली. आणि मी मूर्ख, गप्प बसले. दुकानात सेल चालू होता, घरी येईपर्यंत पायांचे गोळे दुखायचे, आणि ताट उद्या आणू म्हणता म्हणता राहिलंच.

मग फेरीचा रविवार आला. सेल असल्यामुळे मला रविवारीही दुकान होतं, मी लवकर गेले. खारूही नंतर तिच्या कामावर गेली. दिवसभर मी पँटीच्या ढिगात. ऊन उतरता उतरता घरी आले तर हे खुशीत होते. हातात पिवळी चिकटपट्टी, घरभर फिरत नवे तुकडे लावत होते. गाडी येऊन गेलेली. दाराआडचा कोपरा पुसून स्वच्छ.

मी चपला काढतेय तोवर खारू आली. दार उघडलं, सवयीने दाराआड बघितलं, आणि बघतच राहिली.

"आई, माझी बॅग?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या हातात चिकटपट्टीचा तुकडा होता, तो बोटालाच चिकटून राहिला.

"निळी?" हे म्हणाले. "ती तुझी होती? मला वाटलं तुझ्या आईने काढली. जुनी बॅग म्हणून. दाराआड होती ना ती."

"हो बाबा. दाराआडच होती."

"तिच्यावर तुकडाही नव्हता, म्हणजे..." एवढं बोलून हे थांबले. त्या बॅगेवर तुकडा नव्हता, तो कोणी वापरून काढला म्हणून नाही, तर ह्या घरातली वस्तू म्हणून ती कधी धरलीच नव्हती म्हणून. हे त्यांनाही बोलता बोलताच कळलं असावं.

पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. ती हसली. "जाऊ दे," म्हणाली. "तसंही मी उद्या निघणारच होते."

"कुठे?" मी विचारलं.

"परत. तिकडे निदान माझं कपाट आहे."

आणि ती ओट्याशी जाऊन पाणी प्यायला लागली, माझ्या कपातून. प्यायल्यावर कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. कोणी पाणी प्यायलं होतं याची खूणसुद्धा राहिली नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दमले होते, पण दमलेल्या बाईला राग येत नाही असं कोणी सांगितलं? "अहो, स्टोअरकीपर!" मी म्हटलं. "आयुष्यभर लोकांचे नटबोल्ट सांभाळलेत. एक वायसर हरवला तर रात्रभर झोपत नव्हता. आणि पोरीची बॅग न बघता गाडीत घातलीत? घाला आता चपला. ती बॅग घेतल्याशिवाय मी घरात पाऊल टाकणार नाही, आणि तुम्हीही नाही."

"अगं, दाराआड गेलेलं..."

"दाराआड गेलेलं परत येत नाही, हो ना? आज येणार. नाही तर ही जाणार. काय ठेवायचं ते ठरवा."

ह्यांनी चिकटपट्टी टेबलावर ठेवली आणि चपला घातल्या. संस्थेला फोन केला तर कळलं की आज गोळा केलेलं सामान त्यांच्या गोदामात आहे, उद्या सकाळी वेगवेगळं करून पुढे पाठवतील, आणि दिवे लागले की गोदाम बंद होतं. आम्ही धावत बस पकडली.

बसमध्ये हे एकदाच बोलले. "ती आपल्यानंतर जेवते, ते मला वाटायचं उशिरा भूक लागते म्हणून."

"तुम्हाला जे सोयीचं असतं ते वाटतं," मी म्हटलं. मग दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. माझ्या गुडघ्यातून कळा येत होत्या. मला एवढं थकल्यासारखं झालं होतं की बॅग मिळो न मिळो, कुठेतरी आडवं व्हावं असं वाटत होतं. पण डोळ्यांपुढे तिने पुसून ठेवलेला कप होता.

गोदाम म्हणजे पत्र्याची उंच शेड. आत ढीग. कपड्यांचे, चपलांचे, भांड्यांचे, खेळण्यांचे. सगळी लोकांनी मोकळं होण्यासाठी काढलेली घरं. एका बाजूला बॅगांची भिंतच रचलेली. रबरी हातमोजे घातलेली एक बाई कुलूप हातात घेऊन निघायच्या तयारीत होती. मी हात जोडले, काय झालं ते सांगितलं. निळी बॅग ढिगात दिसतही होती, वरून दुसऱ्या थरात, माझ्या ओळखीचा तुटका पट्टा लोंबत होता.

"ती बघा! तीच!" मी म्हटलं.

"थांबा ताई," बाई म्हणाली. "निळ्या बॅगा इथे खंडीभर आहेत. रोज कोणी ना कोणी येतं, चुकून दिली म्हणून. त्यातले निम्मे दुसऱ्याचंच घेऊन जातात. मी उघडते, पण आधी सांगा, आत काय आहे?"

"कपडे," हे म्हणाले.

"कपडे सगळ्यांच्याच बॅगेत असतात, काका. अजून?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे. पोरगी कित्येक दिवस आमच्या घरात राहत होती, ती बॅग रोज माझ्या नजरेसमोर होती, आणि तिच्यात काय आहे ते आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता येईना. मी आई. मला तिच्या लहानपणच्या खिशात काय काय असायचं ते तोंडपाठ, आणि ह्या बॅगेतलं एक सांगता येईना.

"मुलीलाच विचारते," मी म्हटलं आणि खारूला फोन लावला. बाईने ऐकावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, कशाला गेलात तुम्ही? दे सोडून."

"आत काय आहे ते सांग. इथल्या ताई विचारतात."

मग तिने दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. "वर कामावरचे कपडे. एक स्वेटर. खाली एक चादर, उशीचा अभ्रा. टॉवेल. मग एक कप, चमचा. आणि ताटली."

"ताटली?" मी विचारलं.

"निळ्या काठाची. माझी जुनी. मागे बाबांनी काढली होती ना, ती. मी त्या दिवशी दाराआडून उचलून नेली."

हातमोज्यांची बाई बॅग खाली ओढत होती, ती ओढता ओढता म्हणाली, "एनॅमलची का? काही खूण आहे?"

खारू बोलायच्या आत हे बोलले. "काठाला टवका उडालाय. पांढऱ्यावर काळा, नखाएवढा. खारू बसायला शिकली तेव्हा ताटली माझ्याच हातून पडली होती."

बाईने चेन उघडली. कामाचे कपडे, स्वेटर. खाली चादर, आणि चादरीच्या घडीत गुंडाळलेली निळ्या काठाची ताटली. बाईने टवक्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग सहज, चेन लावता लावता, तिने विचारलं, "मुलगी होस्टेलवर चाललीय का? ताट-चादर सगळं बरोबर घेऊन?"

उत्तर मलाच द्यावं लागलं.

"नाही हो. माहेरी आलीय. राहायला."

फोन अजून चालूच होता. पलीकडून खारूने तो बंद केला.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी बॅग मांडीवर घेतली होती. मी म्हटलं, खाली ठेवा, जड आहे. नाही ठेवली. आमच्या थांब्यापर्यंत दोन्ही हातांनी धरून बसले. आईबापाच्या घरी येताना पोरीने ताट बरोबर आणलं. तिला माहीत होतं की इथे तिच्यासाठी ताट नसेल. आणि आणलेलं ताटही बाहेर काढलं नाही, कारण काढलं तर ते ठेवायचं कुठे? मी आयुष्यात बरंच काही शिवलं आणि सांधलं आहे, पण हे कसं सांधायचं ते त्या बसमध्ये मला सुचत नव्हतं.

घरी आलो तर खारूने भात टाकला होता, अंडी उकडून ठेवली होती. डोळे लाल होते. ह्यांनी बॅग टेबलावर ठेवली, आतून ताटली काढली, नळाखाली धरून स्वतः घासली. ताटांच्या जाळीत दोनच खाचा, तीही ह्यांनीच दोन ताटांपुरती शोधून आणलेली. ह्यांनी आपलं ताट काढून बाजूला भिंतीला टेकवलं आणि ताटली खाचेत उभी केली. मग काय वाटलं कोण जाणे, परत काढली, पुसली आणि टेबलावर मांडली.

"वाढ," मला म्हणाले. "तिघांनाही एकदम वाढ."

"खुर्च्या दोनच आहेत," खारू म्हणाली.

"मला बादली आहे," हे म्हणाले, आणि खरंच न्हाणीघरातली बादली आणून उपडी घालून बसले. गुडघे पार हनुवटीपर्यंत आलेले. ताट टेबलाच्या कडेवर कसंबसं धरलेलं. दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. खारूच हसली, पहिल्यांदा नीट. मग ती ताटलीत बघत जेवत राहिली. आमच्या घरी जेवताना बोलणं कधी तसं नसतंच, पण तिने मीठ मागितलं आणि ह्यांनी ते तिच्या हातात दिलं.

जेवण झाल्यावर तिने बॅग उचलली आणि आतल्या खोलीत गेली. मी भांडी घासत होते. तीन ताटं. कंबर मोडली होती माझी, पण त्या तिसऱ्या ताटाचा मला अजिबात कंटाळा आला नाही. हे दारातच उभे होते, खोलीत जावं की न जावं अशा बेताने. आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. बिजागरी कुरकुरली. पाहुण्यांना दाखवायला म्हणून ह्यांनी ती नेहमी तेल घालून ठेवलेली असायची, बरेच दिवस पाहुणेच नव्हते म्हणून राहिली असेल.

मी हात पुसून गेले. एका कप्प्यात कामावरचे कपडे. एकात चादर, स्वेटर. बाकीचं कपाट रिकामंच होतं. पण ह्यांना आता ते पाहुण्यांना दाखवता येणार नव्हतं. बॅग जमिनीवर पडली होती, चपटी, तोंड उघडं. खारू तिच्यापाशी बसली होती. ती निर्णय करून बसली होती की नुसती दमून, ते मला तिच्या पाठीवरून कळत नव्हतं. उद्या सकाळी ते कपडे परत त्या बॅगेत जाऊ शकत होते.

हे आत गेले. वाकले, कण्हले आणि बॅग उचलून दोन्ही हातांनी वर धरली. फेरीच्या दिवशी धरतात तशी. मला वाटलं, आता हा माणूस काय करतोय! मी ओरडणारच होते.

"खारू," हे म्हणाले. "वापरात आहे का?"

तिने मान वर केली. बॅगेकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. ह्या घरात उत्तर लगेच द्यायचं असतं, पण ह्यांनी हात खाली घेतले नाहीत. वाट बघत उभे राहिले.

"नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाही बाबा. न्या."

ह्यांनी ती रिकामी बॅग नीट घडी घातली, बाहेर आणली आणि दाराआड ठेवली.